विश्वाचा व्यास की दृश्य विश्वाचा?

संपादक महोदय,
सादर नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत विश्वाच्या आकाराविषयी आलेला लेख आणि त्यावर पुढच्या आठवड्यात छापलेले एका वाचकाचे पत्र, दोन्ही मी लक्षपूर्वक वाचले. विश्वाचा व्यास 93 अब्ज प्रकाशवर्षे आहे असे लेखात निःसंदिग्धपणे म्हटले आहे; पत्रलेखकांनी रात्रीचे आकाश काळे दिसते यावरून विश्व सान्त, म्हणजे मर्यादित विस्ताराचे, असल्याचे सिद्ध होते, असा युक्तिवाद केला आहे. विश्व सान्त आहे की अनंत, हा प्रश्न आजही सुटलेला नाही, आणि तो नेमका कुठे अडला आहे हे मराठी वाचकांपर्यंत नीट पोहोचावे असे मला मनापासून वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

93 अब्ज हा आकडा बरोबर आहे, पण तो दृश्य विश्वाचा व्यास आहे. विश्वाचे वय सुमारे 13.8 अब्ज वर्षे आहे आणि प्रकाशाचा वेग मर्यादित आहे. त्यामुळे एवढ्या काळात ज्या प्रदेशातून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचू शकला, तेवढाच प्रदेश आपल्या निरीक्षणाच्या कक्षेत येतो. मग त्रिज्या 13.8 अब्ज प्रकाशवर्षेच का नाही, असा प्रश्न जिज्ञासू वाचकाला पडेल. त्याचे उत्तर असे की, प्रकाश वाटेत असताना अवकाशाचे प्रसरण चालूच होते. अर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1965 मध्ये जाहीर केलेले सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारण हा आपल्यापर्यंत येणारा सर्वांत जुना प्रकाश असून तो महास्फोटानंतर सुमारे 3 लाख 80 हजार वर्षांनी निघाला. ज्या द्रव्यातून तो निघाला, ते त्या वेळी आपल्या आजच्या ठिकाणापासून अवघ्या 4 कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास होते आणि आज तेच द्रव्य सुमारे 45 अब्ज प्रकाशवर्षांवर गेलेले आहे. भर समुद्रातल्या गलबतावरून चहूकडे गोल क्षितिज दिसते, पण त्या वर्तुळापाशी समुद्र संपत नाही. आपल्या भोवतीच्या या सीमेचा अर्थ तसाच घ्यावा लागतो. दुसऱ्या एखाद्या दूरच्या दीर्घिकेतील निरीक्षकाची सीमा त्याच्या भोवती असेल आणि त्याला आपल्याला न दिसणारा बराच प्रदेश दिसत असेल.

काळ्या आकाशाचा युक्तिवाद करणारे पत्रलेखक एकटे नाहीत. विश्व अनंत आणि ताऱ्यांनी भरलेले असेल, तर प्रत्येक दिशेला कुठे ना कुठे तारा असेल आणि रात्रीचे आकाशही उजळ दिसायला हवे, असा तो युक्तिवाद आहे. खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरने 1610 मध्ये सान्त विश्वाच्या बाजूने हेच म्हटले होते, आणि जर्मन खगोलशास्त्रज्ञ हाइनरिश ओल्बर्सने 1823 मध्ये मांडलेला हा विरोधाभास पुढे त्याच्याच नावाने ओळखला गेला. परंतु विश्वाला सुरुवात असेल तर दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश अद्याप पोहोचलेलाच नाही, एवढ्यावरून रात्रीच्या काळेपणाचा उलगडा होतो. त्यातून विश्वाचे वय मर्यादित असल्याचे सूचित होते. विस्ताराबद्दल काहीच ठरत नाही. काळातील सान्तता आणि अवकाशातील सान्तता या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्याच पाहिजेत.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. विश्व सान्त असेल तर त्याला कडा असणार आणि कडेपलीकडे काय, असे आपण सहज विचारतो. आइनस्टाइनने 1917 मध्ये दाखवून दिले की, वक्र अवकाश सान्त असूनही त्याला सीमा नसू शकते. त्यात सरळ पुढे जात राहिल्यास तत्त्वतः मूळ जागी परत येता येईल. त्यानंतर अलेक्झांडर फ्रीडमनने 1922 आणि 1924 मधील लेखांत अनुक्रमे धन (गोलाच्या पृष्ठभागासारख्या) आणि ऋण (खोगिरासारख्या) वक्रतेच्या विश्वांची गणिते मांडली, आणि प्रश्न मोजमापाच्या कक्षेत आला. पार्श्वप्रारणातील उष्ण-थंड ठिपक्यांचा खरा आकार भौतिकशास्त्रावरून काढता येतो. सपाट, म्हणजे शून्य वक्रतेच्या, अवकाशात ते आकाशात साधारण एक अंशाचे दिसावेत, धन वक्रतेत त्याहून मोठे आणि ऋण वक्रतेत लहान. अंटार्क्टिकावर 1998 च्या अखेरीस उडवलेल्या बूमरँग या बलूनवरील दुर्बिणीने हे ठिपके टिपले, 2000 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि उत्तर आले ते एक अंशाच्या जवळपासचे. पुढे डब्ल्यूमॅप आणि प्लँक या उपग्रहांनी हे मोजमाप फारच काटेकोर केले. प्लँकची निरीक्षणे दीर्घिकांच्या सर्वेक्षणांशी जोडली असता विश्वाची वक्रता सुमारे 0.2 टक्के त्रुटीच्या आत शून्य येते.

इथेच अनेक लेख घाई करतात आणि अवकाश सपाट म्हणून विश्व अनंत, असे लिहून मोकळे होतात. एक तर, कोणतेही मोजमाप त्रुटीसहच येते. वक्रता नेमकी शून्य आहे असे ते कधीच सांगू शकत नाही. ती धन पण अत्यंत अल्प असेल, तर विश्व सान्त असूनही दृश्य भागाच्या कितीतरी पट मोठे असेल आणि आपल्याला सपाटच भासेल. दुसरे म्हणजे, अवकाश पूर्णपणे सपाट असूनही सान्त असू शकते. एका दिशेने बाहेर पडणारा प्रवासी विरुद्ध दिशेने आत येईल अशी त्याची जोडणी असेल, तर वक्रता शून्य राहूनही घनफळ मर्यादित राहते. अशा जोडणीची खूण म्हणून पार्श्वप्रारणात एकसारख्या वर्तुळांच्या जोड्या दिसाव्यात, ही कल्पना नील कॉर्निश, डेव्हिड स्पर्गेल आणि ग्लेन स्टार्कमन यांनी 1998 मध्ये मांडली. शोध कसून झाला, पण वर्तुळे सापडली नाहीत. ती सापडली असती तर विश्व सान्त असल्याचे सिद्ध झाले असते; न सापडल्याने अनंतत्व मात्र सिद्ध होत नाही, कारण जोडणी आपल्या क्षितिजापलीकडे असू शकते. सान्ततेचा पुरावा निदान मिळू शकतो, अनंतत्वाचा निर्णायक पुरावा निरीक्षणातून मिळणे शक्य दिसत नाही, ही असमानता मला या संपूर्ण प्रश्नातील सर्वांत विलक्षण बाब वाटते.

लेखासोबतच्या चित्राबद्दलही लिहिले पाहिजे. काळ्या पोकळीत एका बिंदूचा स्फोट होऊन गोळा फुगत असल्याचे त्यात दाखवले आहे. अशा चित्रामुळे अनंत विश्व आणि महास्फोट यांचा मेळ बसणारच नाही असे वाटते. वास्तविक आज विश्व अनंत असेल तर त्या आरंभीच्या काळातही ते अनंतच होते; अत्यंत लहान होता तो आज आपल्याला दिसणारा भाग. प्रसरण म्हणजे दीर्घिकांमधील अंतरे वाढणे, आणि त्यासाठी बाहेर रिकामी जागा असावी लागत नाही.

ही सावधगिरी आपल्या परंपरेला परकी नाही. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास सिद्धान्तशिरोमणी या ग्रंथात आकाशकक्षेचा, म्हणजे आकाशाच्या सर्वांत बाहेरच्या वर्तुळाचा, परीघ योजनांत दिला आहे. तो आकडा 17 अंकी आहे. मात्र तो देताना, ब्रह्मांड एवढे असो वा नसो, एका कल्पात ग्रह जितकी योजने चालतो तितके हे मान आहे, एवढेच आपले मत असल्याचे ते स्पष्ट करतात. गणिताने हाती आलेली संख्या आणि समग्र ब्रह्मांड यांतील भेद त्यांनी जपला. ज्यांच्या वंशाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे, त्या गणितज्ञाचा हा काटेकोरपणा मराठी विज्ञानलेखनात दिसावा, ही अपेक्षा गैर नसावी.

तेव्हा यापुढे 93 अब्ज प्रकाशवर्षांचा उल्लेख येईल तिथे ‘दृश्य विश्वाचा व्यास’ असे छापावे, ही विनंती. पुरवणीत जागा होऊ शकली, तर सपाट पण सान्त अवकाशांवर एखाद्या जाणकाराकडून आकृत्यांसह स्वतंत्र लेख लिहून घ्यावा. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना तो निश्चितच उपयोगी पडेल.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, सातारा