नाशिकमधल्या शरणपूरच्या दफनभूमीतल्या अनोळखी हातांचे आभार

सलग तीन रविवार येऊन आमच्या पणजीचा दगड उभा करून देणाऱ्यांनो, तुमची नावं विचारायचीच राहून गेली. म्हणून हे जाहीर आभार.

दगड कलला होता, बुडाशी पिंपळाचं मूळ शिरलेलं. मी तारेचा ब्रश आणि ॲसिडची बाटली घेऊन आले होते. तुमच्यातल्या काकांनी थांबवलं. "ताई, संगमरवर म्हणजे चुनखडीच. ॲसिड आधी अक्षरं खातं." मग नुसतं पाणी, मऊ ब्रश आणि शेवाळ काढायला बांबूची काडी. सांध्यांतही सिमेंट नाही, चुनाच भरलात. सिमेंट ओल कोंडतं आणि दगड फुटतो, हे मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी त्या कॉलेजच्या मुलीनं आरशानं तिरपं ऊन पाडलं आणि झिजलेल्या ओळी एकदम वर आल्या. 'प्रभूमध्ये निजली'. आईला रडू आवरेना.

शरणपूर म्हणजे एकेकाळी गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांनाही आसरा देणारी ख्रिस्ती मिशनची वस्ती. त्याच मुलांपैकी, इथेच शिकलेला जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेत वारलेल्या मिशनरी-संशोधक लिव्हिंगस्टनच्या मृतदेहासोबत इंग्लंडला गेला. अशा गावची माणसं गवताखाली निनावी पडून राहावीत, हे मला सहनच होत नव्हतं. तुम्ही आमच्या दगडाबरोबर शेजारचे दोनही साफ केलेत, कोणी सांगितलं नसताना.

पाण्याच्या कळशा वाहणाऱ्या मावशी, तुमचा स्टीलचा डबा माझ्याकडे राहिलाय. येत्या रविवारी घेऊन येते.