खोली ठरवण्याआधी खोली विचारा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पर्यटन पुरवणीतील उत्तर थायलंडच्या सहलीवरचा लेख वाचला. चियांग माईचा जुना खंदक, दोई सुथेपच्या डोंगरावरचे मंदिर, रविवारी संध्याकाळी रस्त्यावर भरणारा बाजार, चियांग राईचे ‘वाट रोंग खुन’ हे पांढरेशुभ्र मंदिर हे सारे त्यात नेमकेपणाने आले आहे. लेखाच्या शेवटी, लहान मुले बरोबर असल्यास मोठ्या हॉटेलाऐवजी जलतरण तलाव असलेले एखादे छोटे, घरगुती वळणाचे हॉटेल निवडावे, असा एका ओळीचा सल्ला आहे. सल्ला चुकीचा नाही. मात्र अशाच एका ओळीवर विसंबून आम्ही गेल्या डिसेंबरात चियांग माईला जाऊन आलो, म्हणून त्या ओळीत काय राहून गेले हे आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे, यासाठी हे पत्र.

मी शारीरिक शिक्षणाची निवृत्त शिक्षिका आहे. पाठीला सुका भोपळा बांधून मी विहिरीत पोहायला शिकले आणि पुढे सांगलीत शेकडो मुलांना पोहायला शिकवले. असे असूनही हॉटेल निवडताना माझ्याकडून जी चूक झाली, तिला मराठीतला एकच शब्द पुरतो. राहण्याची खोली आणि पाण्याची खोली, दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो. पहिल्या खोलीची छायाचित्रे आम्ही घरातल्या सर्वांनी मिळून दहा वेळा पाहिली, पलंग किती, न्याहारी आहे का, जादा गादीचे किती हे सगळे विचारले. दुसऱ्या खोलीबद्दल मात्र मुलगी, जावई आणि मी, तिघांपैकी कोणीही अवाक्षर काढले नाही.

हॉटेल जुन्या शहरातले होते, चौदा खोल्यांचे. मधल्या अंगणात तलाव, भोवती चाफ्याची झाडे आणि तळमजल्यावरच्या खोल्यांची काचेची सरकती दारे थेट तलावाच्या काठावर उघडणारी. जाहिरातींत अशा खोलीला ‘पूल ॲक्सेस’ म्हणतात, तिचे भाडे जास्त असते आणि कुटुंबांना ती कौतुकाने सुचवली जाते. आम्हीही ती हौसेने घेतली. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे झोपलेले असताना मी घरून नेलेल्या पुडीतला चहा करत होते. काचेचे दार सरकल्याचा बारीक आवाज आला. वळून पाहिले तर तीन वर्षांची नात उघड्या दारातून बाहेर जाऊन तलावाच्या काठाशी उकिडवी बसलेली आणि पाण्यावर तरंगणारे चाफ्याचे फूल उचलण्यासाठी हात लांबवत होती. मी तिला मागून उचलले. काहीही झाले नाही. दाराची कडी मात्र तिच्या हाताला सहज लागेल इतक्या खाली होती आणि तलावाला कुंपण नव्हते. आम्ही विनंती केल्यावर हॉटेलवाल्यांनी त्याच सकाळी, एकही बात (थायलंडचे चलन) जादा न घेता, आम्हाला पहिल्या मजल्यावरची खोली दिली. त्यांच्या सौजन्याबद्दल तक्रार नाही; तक्रार आहे ती त्यांच्या जाहिरातीत आणि आमच्या चौकशीत तलावाच्या खोलीचा आकडा कुठेच नसल्याबद्दल.

हा आकडा का महत्त्वाचा, ते सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांनुसार तीन वर्षांच्या मुलाची उंची सरासरी ९५ ते ९६ सेंटिमीटर, पाच वर्षांच्या मुलाची साधारण ११० आणि सात वर्षांच्या मुलाची १२१ च्या आसपास असते. छोट्या हॉटेलांतले तलाव जागेअभावी बहुधा एकाच खोलीचे बांधलेले असतात आणि ती खोली सव्वा ते दीड मीटर असते. मोठ्या माणसाला छातीपर्यंत येणारे हे पाणी छायाचित्रात उथळ दिसते, पण दुसरीतल्या मुलीच्याही डोक्यावरून जाते. म्हणजे ‘मुलांसाठी तलाव आहे’ असे ज्या हॉटेलाबद्दल आपण समजतो, तिथे आपल्या मुलाला पाय टेकवून उभे राहता येईल अशी एक फूटही जागा नसू शकते. वेगळा, गुडघाभर पाण्याचा बालतलाव आहे का, किंवा निदान एका बाजूला रुंद पायऱ्या आहेत का, हे म्हणूनच आधी विचारायला हवे. फुगवायचे दंडपट्टे आणि रबरी चक्रे ही खेळणी आहेत. त्यांना जीवरक्षक साधन समजू नये. आमच्या भोपळ्याला निदान दोरी असे आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला विहिरीच्या काठावर बसलेले काका असत.

बुडणारे मूल हातपाय आपटत ओरडते हा आपला समज चित्रपटांनी करून दिलेला आहे. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा आवाज न करता, उभ्या उभ्या पाण्याखाली जाते, आणि पाच पावलांवर मोबाईलमध्ये पाहत बसलेल्या माणसाला ते कळत नाही. जगभरात बुडून होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील मुलांचे असतात. फ्रान्सने २००३ मध्ये कायदा करून खासगी तलावांना कुंपण, आच्छादन किंवा गजर यांसारखी एखादी व्यवस्था सक्तीची केली. चियांग माईत मी हौसेने सात-आठ छोटी हॉटेले आत डोकावून पाहिली; कुंपण एकाही ठिकाणी दिसले नाही आणि जीवरक्षक तर अशा हॉटेलांत असण्याची अपेक्षाच करता येत नाही. म्हणून तळमजल्यावरची, तलावाकडे दार उघडणारी खोली ही पोहता न येणारे मूल असलेल्या घराने घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वरच्या मजल्यावर गेल्यास सज्जाच्या कठड्याचे गज किती अंतरावर आहेत, तेवढे पाहावे.

तलावाच्या रंगाबद्दलही दोन शब्द लिहिते, कारण हे सहसा कोणी सांगत नाही. अलीकडे काळ्या किंवा गडद हिरव्या फरश्यांचे तलाव बांधण्याची हौस दिसते. छायाचित्रात ते जंगलातल्या डोहासारखे सुंदर दिसतात, पण त्यांच्या तळाशी गेलेले मूल वरून दिसत नाही. फिकट फरशीच्या तलावातही आकाशी रंगाचा पोहण्याचा पोशाख पाण्यात विरून जातो. मुलांना नारिंगी किंवा भडक गुलाबी घालावा. काठावर उभे राहिल्यावर सर्वांत खोल भागातली तळाची जाळी स्वच्छ दिसत नसेल, तर त्या पाण्यात कोणीच उतरू नये. ती जाळी तुटकी असेल तरीही उतरू नये, कारण तिथल्या ओढीने केस किंवा अंग अडकू शकते. ‘मिठाच्या पाण्याचा तलाव’ अशी पाटी पाहून क्लोरीन नाही असे समजू नये. त्या यंत्रणेत मिठापासून विजेच्या साहाय्याने क्लोरीनच तयार होतो, आणि तो तसा व्हायलाही हवा.

आता जागेविषयी. १२९६ मध्ये राजा मंगराईने वसवलेले मूळ चियांग माई म्हणजे साधारण दीड किलोमीटर बाजूचा, खंदकाने वेढलेला चौकोन. त्याच्या आतल्या गल्ल्यांमध्ये छोटी हॉटेले भरपूर आहेत, देवळे आणि बाजार पायी गाठता येतात, मात्र अंगणे लहान आणि त्यामुळे तलावही लहान. पश्चिमेला विद्यापीठाजवळचा निम्मान भाग तरुणांना आवडतो, पण विमानतळ शहराला अगदी लागून असल्याने त्या बाजूला विमाने डोक्यावरून जातात. दुपारी झोपणारे बाळ असेल तर विचार करावा. पूर्वेला पिंग नदीच्या काठी बागा मोठ्या आहेत, तलावही ऐसपैस आहेत, परंतु ऑक्टोबर २०२४ मध्ये याच नदीने शहराला मोठा पुराचा तडाखा दिला होता, हे पावसाच्या अखेरीस जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. माए रिम किंवा हांग डोंगकडची हॉटेले भातखाचरांत, मोकळ्या आवारात असतात. मुलांना हुंदडायला तीच उत्तम, फक्त रोजच्या जाण्यायेण्यासाठी गाडी ठरवावी लागते. शहरातल्या लाल सोंगथेव या भाड्याच्या सामायिक गाड्यांमध्ये मागे समोरासमोर दोन बाके असतात, पट्टे नसतात, आणि तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन त्यातून रोज पाऊण तास जाणे आजीच्या कमरेलाही मानवत नाही.

ऋतूचा विचार तलावाशी थेट जोडलेला आहे. चियांग माई जवळपास पुण्या-मुंबईच्याच अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत तिथली सकाळ आपल्या घाटावरच्या सकाळीसारखीच असते, आणि छोट्या हॉटेलांत पाणी तापवण्याची सोय क्वचितच असते. चारी बाजूंनी इमारती असलेल्या अंगणातल्या तलावावर ऊन दुपारी तासभर येते. आमची मोठी नात सकाळी हट्टाने उतरली आणि निळ्या ओठांनी दोन मिनिटांत बाहेर आली. हिवाळ्यात जायचे असेल तर तलावावर ऊन किती वाजता येते हा प्रश्न हास्यास्पद वाटला तरी विचारावा. याउलट फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत उत्तर थायलंड आणि शेजारच्या म्यानमार-लाओसमध्ये जंगले व शेतातला पालापाचोळा जळत असतो आणि डोंगरांनी वेढलेल्या त्या खोऱ्यात धूर साचून राहतो. त्या काळात कित्येक दिवशी चियांग माईची हवा जगातल्या सर्वांत दूषित हवेत मोजली जाते. पाणी कोमट असते, पण बाहेर श्वास घेणे मुलांना बाधते. आपल्याकडच्या परीक्षा संपताच एप्रिलमध्ये निघणाऱ्या मराठी कुटुंबांना १३ ते १५ एप्रिलच्या सोंगक्रानची, म्हणजे पाणी उडवत साजऱ्या होणाऱ्या थाई नववर्षाची, जाहिरात दिसते, धुराची दिसत नाही. मे महिना उजाडून पावसाच्या सरी सुरू झाल्या की हवा धुऊन निघते. माझ्या मते उन्हाळी सुट्टीसाठी तोच काळ बरा.

स्वस्तात मोठा तलाव मिळतो म्हणून काहीजण दिवसाच्या भाड्याने सदनिका घेतात. थायलंडच्या २००४ च्या हॉटेल कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय ३० दिवसांहून कमी मुदतीने अशा सदनिका भाड्याने देता येत नाहीत. तलावाच्या दारावरच रहिवाशांनी अडवले तर दाद मागायला जागा राहत नाही.

न्याहारीबद्दल थोडक्यात. शाकाहारी म्हटले तरी तिथल्या भाजीत मासळीचा रस किंवा कोळंबीचे वाटण असू शकते. ‘जे’ हा शब्द मात्र उपयोगी आहे. ‘जे’ अन्नात मांस, मासे, अंडी, दूध यांच्याबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे जैन आणि चातुर्मास पाळणाऱ्या मंडळींची सोय होते. छोट्या हॉटेलाच्या स्वयंपाकघरात हे आदल्या दिवशी सांगितले, तर आपुलकीने केले जाते. हा छोट्या हॉटेलाचा खरा फायदा आहे आणि तो मान्य करायलाच हवा.

थोडे आपल्याकडेही पाहिले पाहिजे. सुती बनियन, सलवार किंवा जीन घालून तलावात उतरणे, काठावर बसून वेफर्स खाणे, चौदा खोल्यांच्या अंगणात रात्री दहा वाजता एकमेकांना हाका मारणे हे मी आपल्याच माणसांना करताना पाहिले. सुती धाग्यांनी गाळणी तुंबते. काही छोटी हॉटेले बारा वर्षांखालील मुलांना घेतच नाहीत, त्यामागे केवळ तुसडेपणा असतो असे मला वाटत नाही.

संपादक महोदय, माझी विनंती एवढीच की पुरवणीत एखाद्या हॉटेलाची शिफारस छापताना तलावाची कमीतकमी आणि जास्तीतजास्त खोली, कुंपण आहे की नाही आणि बालतलाव आहे का, या तीन गोष्टी आपल्या प्रतिनिधींनी विचारून द्याव्यात. सहल कंपन्यांनीही माहितीपत्रकात ‘स्विमिंग पूल’ या शब्दांपुढे नुसती बरोबरची खूण न करता हे आकडे लिहावेत. हे आकडे मिळवणे अवघड नाही. भाचीचे कुटुंब येत्या मे महिन्यात चियांग माईला निघाले आहे, म्हणून मी पाच छोट्या हॉटेलांना पत्र पाठवून एवढेच विचारले. दोघांकडून उत्तर आले नाही. दोघांनी खोलीऐवजी खोल्यांचे दर कळवले. पाचव्याने एक छायाचित्र पाठवले, ज्यात त्यांचा एक कर्मचारी पायजमा दुमडून बालतलावात उभा आहे, पाणी त्याच्या गुडघ्याखाली आहे आणि हातात मोजपट्टी आहे. भाचीने त्याच दिवशी तिथे वरच्या मजल्यावरची खोली नक्की केली.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली