जुना ट्रेलर घेताय तर आधी खाली वाकून बघा

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुनी कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागं ओढायचं चाकावरचं घर, घेऊन पोराबाळांसकट कायमचं फिरायला निघालेल्या जोडप्याचा लेख वाचला. फोटो एक नंबर होते, आतला लाकडी ओटा, खिडकीला फुलाफुलाचे पडदे, पोरगी वरच्या बंकवर पुस्तक वाचत बसलीय. पण एवढ्या फोटोंत गाडीच्या खालचा एकही नव्हता, ना चासी (खालचा लोखंडी सांगाडा) ना एक्सल (चाकांचा दांडा) ना हुक. मी उद्यमबागेत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा माणूस, माझी नजर पहिली तिथंच जाते, आणि लेख छापून आल्यापासून लोक माझ्याकडंच विचारायला यायलेत की ‘असलं काहीतरी जुनं मिळालं तर करून द्याल काय’, म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकूया.

पहिलं सांगतो, हौसेला माझा विरोध नाही. संसार गाडीवर घालून निघणं आपल्या भागाला काय नवीन हाय? सौंदत्तीच्या यल्लम्माला, चिंचलीच्या मायाक्काला आजपण लोक ट्रॉलीवर ताडपत्री बांधून, स्टो-भांडी-बिछाना घेऊन जातात आणि चार दिवस तिथंच राहतात. ऊसतोडीला येणारी कुटुंबं तर सीझनभर तशीच. त्यांचं कौतुक कुणी पुरवणीत छापत नाही ते सोडा.

आता मुद्द्याचं. विंटेज ट्रेलर म्हणजे लोकांच्या डोळ्यासमोर ती चकचकीत अॅल्युमिनियमची एअरस्ट्रीम येते. अमेरिकेत ही कंपनी १९३१ पासूनची, आणि तिच्या मालकानं १९५९ मध्ये केपटाऊन ते कैरो असा ट्रेलरचा ताफा नेला होता, म्हणजे माल दमदार यात शंका नाही. पण तिच्यातसुद्धा जमीन प्लायवूडचीच असते. त्या काळातल्या बाकीच्या कित्येक ट्रेलरात तर बाहेरून पातळ पत्रा आणि आत सगळा लाकडी सांगाडा. जॉइंटचं सील सुकलं की पाणी आत जातं, पत्र्याच्या आतून खाली उतरतं आणि तळाच्या कोपऱ्यात साचून राहतं, बाहेरून कायपण दिसत नाही. एकांनी गोव्याकडून घेतलेला ट्रेलर माझ्याकडं आणला होता, आत नवीन लिनोलियम, नवीन रंग, मी मागच्या कोपऱ्यात ते लिनोलियम उचललं तर खालचा प्लाय चहात बुडवलेल्या टोस्टसारखा हातात आला. विकणाऱ्यानं रंग मारून पैसे घेतले आणि मोकळा झाला. म्हणून बघायला जाताना पेचकस खिशात ठेवा, खिडक्यांचे कोपरे, मागची जमीन, चाकाच्या वरचा भाग दाबून बघा, पेचकस आत गेला तर भाव पाडायचा नाही, सरळ परत यायचं. कारण तो प्लाय बदलायचा म्हणजे आतलं सगळं फर्निचर काढणं आलं. आणि बदलताना आयएस ७१० चा मरीन (पाण्याला टिकणारा) प्लायच घाला, आणि अॅल्युमिनियमला लोखंडी स्क्रू ठोकू नका हो, दोन धातू एकत्र आले आणि पाणी लागलं की अॅल्युमिनियम खाऊन जातं, रिवेट अॅल्युमिनियमचेच पाहिजेत. जॉइंटला सिलिकॉन फासणारे तर गल्लोगल्ली भेटतात, त्यावर पुढं रंग धरत नाही, ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लावा.

टायर बघताना नक्षी बघू नका, तारीख बघा. बाजूवर चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालचा २३ वा आठवडा. उभ्या गाडीचा टायर नुसत्या वयानं तडकतो.

पण माणसं मरतात ती वजनाच्या चुकीनं. ट्रेलरच्या एकूण वजनातलं १० ते १५ टक्के पुढं हुकावर पडलं पाहिजे, हा अमेरिकन ट्रेलरचा हिशोब, युरोपातल्या कॅरॅव्हॅनला यापेक्षा कमी, ५ ते ७ टक्के चालतं. आता नवीन घेणारा काय करतो, मागच्या बाजूला जागा दिसली की तिथं पाण्याची टाकी बसवतो. २०० लिटरची टाकी म्हणजे २०० किलो, ते एक्सलच्या मागं गेलं की पुढचा हुक हलका होतो आणि उतारावर शेपूट हलायला लागते. उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर कशा नाचतात हे चिकोडी-निपाणीच्या माणसाला मी सांगायची गरज नाही, पण तो ट्रॅक्टर सावकाश चाललेला असतो आणि तुम्ही तवंदी घाट उतरताय ऐंशीच्या स्पीडनं, मागं पोरांची खेळणी आणि गॅसची टाकी घेऊन. असं हलायला लागलं तर स्टेअरिंगनं सरळ करायला जाऊ नका, एक्सिलेटरवरचा पाय काढा, ट्रेलरला वेगळा ब्रेक असेल तर तो हळू लावा. आणि वेगळा ब्रेक नसेल तर असा ट्रेलर घेऊच नका, युरोपात ७५० किलोच्या वर बिनब्रेकचा ट्रेलर चालतच नाही. गाडी चालू असताना ट्रेलरमध्ये कुणी बसायचं नाही, झोपलेलं पोर असलं तरी उचलून पुढच्या गाडीत घ्यायचं.

अजून एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. अमेरिकन ट्रेलरचं दार उजवीकडं असतं कारण तिकडं गाड्या उजवीकडून चालतात. आपल्याकडं तोच ट्रेलर रस्त्याकडेला लावला की दार थेट ट्रॅफिकमध्ये उघडतं! लहान पोरं असलेल्यांनी हे एकच कारण धरून नाही म्हटलं तरी मला पटेल. ब्रिटिश कॅरॅव्हॅनचं दार डावीकडं, ती चालेल. लाइटचं पण तसंच, तिकडं १२० व्होल्ट, आपल्याकडं २३०, जुनी वायरिंग तशीच ठेवून घरातला प्लग लावलात तर काय होईल ते इलेक्ट्रिशियनला विचारा. आणि गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली जमिनीलगत साठतो, म्हणून जमिनीत हवेची भोकं असतात, ‘झुरळं येतात’ म्हणून ती बुजवू नका.

आता कागद. ट्रेलर म्हणजे कायद्यानं स्वतंत्र वाहन, त्याचं वेगळं आरसी बुक पाहिजे, ओढणाऱ्या गाडीचं चालत नाही. वापरलेलं वाहन परदेशातून आणायचं तर खास विंटेज मोटारी सोडल्या तर ते तीन वर्षांपेक्षा जुनं चालत नाही, तेव्हा कुणी ‘इम्पोर्टेड, साठचं मॉडेल’ म्हणून दाखवलं की आधी विचारा हे आत आलं कसं. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांच्या वर गाडी ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो, आणि कोल्हापूरची एमएच ०९ बेळगावात केए २२ करायची म्हणजे एनओसी, टॅक्स, हेलपाटे, हे आपल्याकडं घराघरात माहीत आहे. कायम फिरणाऱ्यानं पत्ता कुठला द्यायचा हा वेगळा प्रश्न, आमचा बेळगावचा पत्ता तर १९५६ पासूनच सीमावादात. चेष्टा सोडा, पण डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ एमएच पाटीच्या ट्रकांवर दगड पडले ते विसरता येत नाही, रात्री रस्त्याकडेला पोरं झोपवताना पाटी कुठली आहे हा विचार इथल्या माणसाच्या डोक्यात येणारच. तुमच्या लेखात त्याचा उल्लेख नाही.

उभं कुठं राहायचं हेपण बघा. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं, केरळनंही त्याच वर्षी काढलं, पण गोकाक धबधब्याला किंवा खानापूर-जांबोटीकडं पाणी भरायची आणि संडासाची टाकी रिकामी करायची सोय असलेली जागा माझ्या बघण्यात नाही. मग ती टाकी कुठं रिकामी होणार? ओढ्यातच की. पर्यटन खात्यानं तालुक्याला एक अशी जागा दिली तरी पुष्कळ झालं, नळ, गटार आणि एक दिवा, रिसॉर्ट नको.

पोरांच्या शाळेबद्दल मी काही बोलत नाही, ते ज्याचं त्यानं बघावं.

तुम्हाला एवढीच विनंती की पुढचा असा लेख छापाल तेव्हा गाडी जॅकवर चढवून एक फोटो खालून काढायला सांगा. आणि ज्यांना खरंच घ्यायचाय त्यांनी जुलैत बघायला जावं, धो धो पाऊस चालू असताना, आत दार लावून अर्धा तास बसावं. विकणारा ‘पाऊस थांबल्यावर या की’ म्हणाला तर फोन ठेवून द्या.

आपला,
एक ट्रॉलीवाला वाचक, उद्यमबाग, बेळगाव