दिन्या, ती सीडी आहे का?

प्रिय दिन्या,

आठ महिने तुला साधा फोनही केला नाही. रागावला असशील, आणि ते बरोबरच आहे. माझी तब्येत ठीक, शुगर आटोक्यात.

आईचा लॅपटॉप सुरू होईना म्हणून दुकानात दिला. त्या माणसाने न विचारता फॉरमॅट मारला. तू उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यातच होत्या, दुसरी प्रत नव्हती. घरी सांगितलं तर 'जाऊ दे' म्हणाले. तू म्हणणार नाहीस.

विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती या जुन्या मशीनमध्ये कुठून येणार? म्हणून रुफस या प्रोग्रॅमने पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टिम चढवली. इन्स्टॉलवर क्लिक करणार, तेवढ्यात हात थांबला. डिस्क जुनी, फिरणारी आहे. क्विक फॉरमॅटने फक्त अनुक्रमणिका जाते, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत पानं तिथेच असतात. नवी सिस्टिम नेमकी ओव्यांवर जाऊन बसली असती! मग पेन ड्राइव्हवरूनच मिंट चालवलं, पुसलेल्या फाइली शोधणारं फोटोरेक लावलं आणि सापडेल ते बाहेरच्या डिस्कवर घेतलं. रात्रभर चाललं. हजारो फाइली आल्या, पण नावं गेलेली, नुसते आकडे. तिसऱ्या दिवशी आपली सापडली. मग कुठे मिंट इन्स्टॉल केलं, ते अर्ध्या तासात झालं.

फाइल उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि कंस. तुझा तो टायपिंग क्लासमधला जुना फॉन्ट, तो मशीनवर नसला की मराठीच्या जागी असंच दिसतं! युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल असं, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप कर म्हणून मी घसा कोरडा केला होता. तू म्हणालास, "माझा हात मिनिटाला तीस शब्दांचा आहे, तुझ्या इनस्क्रिप्टवर तीन होतील." आणि आई म्हणाली, "मेल्यांनो, नंतर भांडा, माझी ओवी विसरतेय." त्या वेळी तुझंच खरं होतं. तिचा आवाज आणि तुझी बोटं बरोबर चालायची, माझ्याच्याने ते झालं नसतं.

जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारे कन्व्हर्टर लावून पाहिले, एकही जुळत नाही. पण पहिल्या पानावर एक पुंजका ओळीओळीला येतो. 'पहिली माझी ओवी, दुसरी माझी ओवी' हेच असणार. मी बोट ठेवून वाचत बसलो होतो.

तुझ्या बदलीचं कळलं. वहिनींना नमस्कार. चिनूला सायन्सच घ्यायचंय का? भेटल्यावर बोलू.

क्लासवाल्यांनी दिलेली त्या फॉन्टची सीडी तुझ्या माळ्यावरच्या ट्रंकेत असेल. पोस्टाने पाठवू नकोस, तडकेल. शनिवारी सकाळच्या गाडीने मीच येतो.

तुझा,
बंड्या