भिगवणच्या नावाडी काकांना, पाखरं न उडवल्याबद्दल

तीर्थस्वरूप काकांना,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

हे पत्र घरच्या पत्त्यावर न पाठवता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, त्याला कारण आहे. पुण्यात बालगंधर्वच्या कलादालनात माझ्या पाणपक्ष्यांच्या जलरंगचित्रांचं प्रदर्शन झालं, तेव्हा येणारे लोक पहिल्यांदा विचारत, "फोटो कुठल्या लेन्सने काढले होते?" फोटो नाहीत, नावेत बसून कागदावर केलेलं काम आहे म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग पक्षी इतका वेळ थांबले कसे?" त्याचं उत्तर तुम्ही आहात आणि ते गर्दीत दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही. चित्राखालच्या पट्टीवर तुमचं नाव लिहिलं होतं. इथे लिहीत नाही, कारण "नाव छापू नका, लोक फोन करून हैराण करत्यात" असं तुम्ही बजावून ठेवलंय. धाकटीला वाचून दाखवायला सांगा.

रोहित पक्ष्यांच्या, म्हणजे फ्लेमिंगोंच्या थव्याचं जे मोठं चित्र आहे, मधल्या भिंतीवर लावलं होतं ते, त्याचा उगम एका सकाळच्या भांडणात आहे. तुम्हाला आठवत असेल की नाही कोण जाणे. उजनीच्या जलाशयावर कुंभारगावच्या काठावरून आपण निघालो होतो आणि नावेत माझ्याशिवाय मोठे कॅमेरे घेतलेले तिघे जण होते. थवा चरत होता, मान खाली, पाय चिखलात. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "काका, जरा जवळ घेऊन उडवा की, पंख उघडे पाहिजेत." वरचे पैसे देतो म्हणाला. तुम्ही बांबू गाळात रोवलात, नाव त्याला बांधलीत आणि म्हणालात, "सायेब, ती जेवायला बसल्यात. भरल्या ताटावरनं कुणाला उठवत्यात व्हय?" त्यांनी कुरकुर केली, परत आल्यावर ठरलेल्या भाड्यातलेही थोडे कमी दिले. तुम्ही मोजून घेतले आणि काही बोलला नाहीत.

काका, त्या सकाळी तुम्ही नाव पुढे रेटली असती तर मला काय मिळालं असतं? उडत्या रोहितांचं चित्र, जे हजारो मोबाइलांत आहे. तुम्ही नाव बांधलीत म्हणून मला चरणारा रोहित मिळाला. तो किती वेगळा पक्षी आहे हे मला तोवर माहीत नव्हतं आणि बघायला आलेल्या बहुतेकांनाही नव्हतं.

चरताना रोहित डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो, इतकी उलटी की वरची चोच तळाकडे जाते. म्हणून त्याची चोच इतर पक्ष्यांच्या उफराटी घडलेली आहे: खालचा भाग जाड आणि खोलगट, वरचा पातळ झाकणासारखा. आत जीभ सतत पुढेमागे होत पाणी ओढते आणि फेकते, चोचीच्या कडांना असलेल्या बारीक पट्ट्यांच्या चाळणीत शेवाळ, किडे, बारीक जीव अडकतात. हे वाचलं मी नंतर. आधी बघितलं ते तुमच्या नावेतून, चोचीच्या कडेने पाणी थरथरताना. आणि पाय! तो जागच्या जागी पाय चाळवत गाळ ढवळतो आणि ढवळता ढवळता स्वतःभोवती फिरतो. चित्रात त्या पक्ष्याभोवतीचं पाणी मी गढूळ रंगवलंय आणि बाकीचं निवळ ठेवलंय. एका आजोबांनी तेवढाच भाग बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "हा काहीतरी करतोय, नुसता उभा नाही." मला त्या प्रदर्शनात मिळालेली ही सगळ्यात मोठी दाद, आणि ती तुमची आहे.

गुलाबी रंगाबद्दलही बऱ्याच जणांनी विचारलं. रोहित गुलाबी का नाही, इतका पांढरा का? आपल्याकडे येणारा मोठा रोहित पंख मिटून उभा असला की पांढराच दिसतो, अंगावर नुसती गुलाबी झाक. पंखाच्या घडीत एक किरमिजी रेघ तेवढी दिसते. लाल आणि काळ्याचा सगळा थाट पंख उघडल्यावर. पिल्लं तर करडी-तपकिरी असतात, त्यांना रंग चढायला वर्षं लागतात, कारण तो रंग खाण्यातून येतो, शेवाळातून आणि त्या बारीक जिवांतून. खाऊ दिलं नाही तर रंग कुठून यायचा? तुमच्या 'ताटा'चा अर्थ मला तेव्हा पुरता कळला. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागद. त्या थव्यातले बहुतेक पक्षी मी रंगवलेलेच नाहीत. भोवतीचं पाणी रंगवलं, सावलीच्या बाजूला निळा अगदी पातळ करून फिरवला आणि किरमिजी एका टोकदार ब्रशने शेवटी. एवढा संयम कागदाशी ठेवायला मी तुमच्या नावेत शिकले.

थांबायचं कुठे हे तुम्ही कसं ठरवता, ते मी बरेच दिवस नुसती बघत होते. मग विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "मधल्याकडं बघू नका ताई, कडंच्याकडं बघा." थव्याच्या कडेचा पक्षी मान वर काढून तशीच धरतो, पाय चाळवायचे थांबवतो, तीच खूण. त्यानंतर थवा आधी चालत दूर सरकतो, मग वाऱ्याकडे तोंड करून पाण्यावर पळत सुटतो आणि उठतो. तुम्ही त्या पहिल्या मानेलाच थांबता, आणि पुष्कळदा दोन हात मागे घेता. मग मान पुन्हा खाली जाते. ही मान खाली जायची वेळ, तीच माझी चित्राची वेळ.

पाण्याचं मापही तुम्ही दिलंत. माझ्या एका रेखाटनाकडे बघून तुम्ही म्हणालात, "शेकाट्याच्या पायाला पाणी कुठं लागतंय ते काढा, मग किती खोल हाय ते कळंल." शेकाट्या, म्हणजे काटक्यांसारख्या लांब पायांचा तो लहान पक्षी, उभा असेल तिथे नाव रुतणार. रोहिताच्या गुडघ्याला पाणी लागत असेल तिथे चालणार. तुम्ही पक्ष्यांवरून तळ ओळखता. (शरीरशास्त्रात तो गुडघा नव्हे, घोटा, खरा गुडघा पोटाच्या पिसांत झाकलेला असतो, म्हणून पाय मागे वाकल्यासारखा दिसतो. पण नाव हाकायला तुमचाच गुडघा बरोबर.) तेव्हापासून मी आधी पाण्याची रेघ आखते आणि मग तिच्यावर पक्षी उभा करते. तलवार बदकं खोलाकडे, तुतवार अगदी काठाच्या चिखलात, मधे चित्रबलाक अर्धी चोच उघडी ठेवून पाणी चाळत. चित्रात पाण्याची खोली दिसते असं एका चित्रकार मित्राने म्हटलं, तेव्हा मी त्याला शेकाट्याचं माप सांगितलं.

उन्हाचं तर तुम्ही कुणी न सांगता ओळखलंत. कॅमेऱ्यावाल्यांना ऊन पाठीशी लागतं. मी कागदावर सावल्या शोधतेय हे बघून तुम्ही नाव वळवलीत आणि ऊन बाजूने घेतलंत. पक्ष्याच्या अंगाला गोलाई येते ती बाजूच्या उजेडाने. हे आम्हाला कलामहाविद्यालयात मडकी आणि कापड मांडून शिकवलं होतं.

एकदा नावेत मी तुम्हाला उस्ताद मन्सूरबद्दल सांगत होते. जहांगीर बादशहाचा चित्रकार, चारशे वर्षांपूर्वी त्याने काढलेल्या सायबेरियन क्रौंचाचं पीसन् पीस मोजता येतं. 1612 मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून बादशहासाठी टर्की कोंबडी आणली, तिचंही चित्र त्याने केलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एकच विचारलंत, "धरलेलं का मोकळं?" टर्की आणलेली, म्हणजे धरलेलीच. तुम्ही मान हलवलीत आणि वल्हं मारू लागलात. मन्सूरबद्दलचा माझा आदर तसूभर कमी झालेला नाही, पण तुमचा प्रश्न मी स्टुडिओच्या भिंतीवर लिहून ठेवलाय. नवीन चित्र सुरू करताना आधी तो वाचते.

काका, या पाण्याबद्दल बोलल्याशिवाय आभार पुरे होणार नाहीत. उजनीचं धरण 1980 साली पूर्ण झालं आणि भीमेकाठची कितीतरी गावं, शिवारं पाण्याखाली गेली. तुमच्या वडिलांची ज्वारीची जमीनही त्यातच. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. ते दाखवताना "आमचं रान त्याच्या अलीकडं" असं तुम्ही बोट करून सांगितलंत, तेव्हा तुमच्या आवाजात जे होतं ते मला रंगवता येणार नाही. पाणी ओसरलं की लोक उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, म्हणजे गाळपेर करतात आणि त्याच उथळ कडेला रोहित उतरतात. म्हणजे ज्या शिवाराने तुमच्या घरी भाकरी दिली, तिथेच आता ही पाखरं जेवतात, आणि त्यांना उठवू नका म्हणून तुम्ही गिऱ्हाइकांशी वाद घालता. यापेक्षा मोठं मन मी पाहिलेलं नाही.

आणि पाण्याचा तो हिरवा रंग. पहिल्या चित्रांत लोकांना तो फार आवडला. तो येतो कुठून, हे तुम्ही मला सांगितलंत: वरच्या शहरांतून, मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून इथे. ते शहर माझं आहे. आमच्या घरांतलं सांडपाणी तुमच्या जाळ्यांवर चढतं. आता मी तो हिरवा आहे तसाच रंगवते, सुंदर करत नाही, आणि पुण्यात कुणी विचारलं तर तो कुठून आला हेही सांगते.

वाऱ्याचंही सांगायला हवं. 2024 च्या मे महिन्यात कुगाव ते कळाशीच्या दरम्यान वादळात नाव उलटून सहा जण गेले, त्या दुःखानंतर तुम्ही अधिकच कडक झालात. पाण्यावर बारीक सुरकुती उठली की चित्र अर्धं असलं तरी परत. मी एकदाही हट्ट केला नाही आणि करणार नाही. अर्धी राहिलेली चित्रं घरी येऊन आठवणीने पूर्ण केली. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला आम्हाला स्मरणचित्राचा पेपर असायचा. त्याचा खरा उपयोग मला उजनीवर झाला. पट्टकदंबांचं चित्र असंच आहे. डोक्यामागच्या दोन काळ्या पट्ट्या तेवढ्या नावेत टिपल्या होत्या. हिमालय ओलांडून आलेले ते पक्षी हरभऱ्याच्या रानात कसे मान घालून चरत होते, ते सगळं मनात होतं.

चित्रं विकली गेली त्यातला काही भाग मी तुमच्याकडे आणला, तो तुम्ही घेतला नाहीत. "भाडं दिलंय की" म्हणालात. मग मी त्यातून लहान मापाची लाइफ जॅकेटं घेतली आहेत. ती मात्र घ्यावी लागतील, कारण ती मुलांसाठी आहेत.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांना एवढंच मागणं आहे: भिगवणला जरूर जा, पाखरं दाखवणाऱ्यांना त्यांचे पूर्ण पैसे द्या, आणि उडवायला सांगू नका. कुणी नकार दिला तर त्याला दोन पैसे जास्त द्या.

मुलांचं राहिलं. इंटरमीजिएट दिलेली माझ्या शाळेतली काही मुलं फेब्रुवारीत घेऊन येतेय. कॅमेरे नाहीत, फक्त पेन्सिली आणि वह्या. पाणी पुरेसं उतरलं असेल ना? दोन नावा लागतील, एक तुमची आणि एक तुम्ही सांगाल त्यांची, पण बांबू रोवून थांबणारा माणूस हवा. सकाळी जाळी काढून झाली की निघू, आधी नको, तुमचं काम मोडायला नको. दुपारी जमलं तर भादलवाडीच्या तलावावरही नेईन म्हणते, बाभळींवर चित्रबलाकांची घरटी असतील तर लांबूनच दाखवू. जेवण तुमच्याकडेच. मुलांना काकूंच्या हातचं चिलापीचं कालवण आणि बाजरीची भाकरी यांचं इतकं वर्णन केलंय की ती पक्ष्यांपेक्षा त्याचीच चौकशी करताहेत. दोघं जण मासे खात नाहीत, त्यांच्यापुरतं पिठलं टाकायला काकूंना सांगाल का?

तुमची,
रंगपेटीवाली ताई