नऊ पिना दिसल्या की लगेच जोडू नका

मा. संपादक,
स.न.

निवृत्तीनंतर मी हौशी रेडिओत रमलो आहे. त्यामुळे इंजिनिअरिंगची मुलं जुनी यंत्रं घेऊन माझ्याकडे येतात. मोबाइल टॉवरमधून काढलेले रुबिडियम ऑसिलेटर (रुबिडियमच्या अणूंच्या आधारे अचूक वारंवारता देणारी यंत्रं) हल्ली ऑनलाइन मिळतात. दहा मेगाहर्ट्झचा इतका स्थिर सिग्नल घरबसल्या मिळावा, ही आमच्या पिढीला चैनच! पण त्यातल्या 'एफई-५६८०ए' या मॉडेलचा नऊ पिनांचा प्लग हुबेहूब संगणकाच्या जुन्या सिरीयल पोर्टसारखा दिसतो. बऱ्याच नगांत त्यातूनच १५ आणि ५ व्होल्टचा पुरवठा आत जातो. नेहमीची सरळ केबल खोचली, तर संगणकाची डीटीआर लाइन ('मी तयार आहे' असा इशारा देणारी) ५ व्होल्टच्या पिनेवर येते, आणि तिच्यावर उणे १२ व्होल्टही असू शकतात. शिवाय नगागणिक जोडणी बदलते. इंटरनेटवरचा तक्ता मल्टिमीटरने पडताळल्याशिवाय मी कुणाला वीज लावू देत नाही.

उपग्रहांवरून अचूक वेळ घेणाऱ्या जीपीएस मॉड्यूलची अडचण वेगळी. त्याचा सिग्नल ३.३ व्होल्टचा, तर आरएस-२३२, म्हणजे सिरीयल पोर्टचा सिग्नल, अधिक-उणे १५ व्होल्टपर्यंत जातो. मध्ये व्होल्टेज जुळवणारी मॅक्स३२३२ चिप हवीच. जीपीएसचा दर सेकंदाला येणारा पल्स सिरीयल पोर्टच्या डीसीडी पिनेवर घेतानाही तीच वापरावी. मात्र ती पल्स उलटा करते, तेव्हा एनटीपीच्या (संगणकाचं घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये पल्सची चढती की उतरती कड धरायची, ते बदलावं लागतं. केबल लावण्याआधी दोन्ही यंत्रांच्या धातूच्या पेट्यांमधला व्होल्टेज मोजावा. अर्थिंग नसलेल्या जुन्या वाड्यांत तो हमखास सापडतो.

विक्रेत्यांनी नगासोबत पिनांची चिठ्ठी द्यावी, एवढी विनंती आपल्यामार्फत करतो.

– एक निवृत्त तंत्रज्ञ, पुणे