तो रडतो, कारण आता त्याला कळतं

प्रिय सोनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर बाळाबद्दल सांगताना तू रडवेली झाली होतीस. "मी नुसती खोलीबाहेर गेले तरी हा आकांत करतो. माझंच काही चुकतंय का गं?" रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं.

मागच्या महिन्यात मी तुझ्याकडे होते तेव्हाचं आठव. तो पाच महिन्यांचा असताना त्याच्या खुळखुळ्यावर रुमाल टाकला की लगेच दुसरीकडे बघायला लागायचा. या खेपेला मात्र त्याने रुमालाकडे टक लावून पाहिलं, मुठीत धरून ओढला आणि खुळखुळा दिसताच केवढ्याने चीत्कारला!

झाँ पियाजे हा स्विस मानसशास्त्रज्ञ स्वतःच्या तीन मुलांशी असेच खेळ करून टिपणं ठेवायचा. झाकलेली वस्तू मूल साधारण ८ महिन्यांनंतर शोधू लागतं, असं त्याला दिसलं. वस्तू दिसेनाशी झाली तरी ती असते, या जाणिवेला वस्तू-स्थायित्व म्हणतात. (ही जाण आणखी लहानपणीच डोकावते, असं नंतरच्या प्रयोगांतून दिसलं, पण ते असो.) खुळखुळ्याला जे लागू, तेच तुला. तू दाराआड गेलीस तरी कुठेतरी आहेस, हे त्याला आता कळतं. परत कधी येशील ते कळत नाही. म्हणून तो आकांत.

मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वर्षाच्या आसपासच्या बाळांचा अभ्यास केला. आई खोलीबाहेर जायची आणि काही मिनिटांनी परत यायची. बाळ किती रडलं यापेक्षा आई परतल्यावर ते काय करतं, हे त्यांना जास्त महत्त्वाचं वाटलं. तू कामावरून आलीस की तो तुझ्या खांद्यात तोंड खुपसतो आणि दोन मिनिटांत चेंडूमागे रांगत सुटतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे त्याचा तुझ्यावर भरवसा आहे. तुझं काहीही चुकलेलं नाही.

एक चूक मी केली होती, ती तू करू नकोस. तू खेळात रमलीस की मी गुपचूप निघून जायचे. मग घरात असले तरी तू मला क्षणभर सोडायची नाहीस. मी कधी नाहीशी होईन याचा तुला भरवसाच उरला नव्हता. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

तू त्याला सांगून निघ. रडला तरी सांगूनच निघ, आणि रोज तसाच निरोप घे. दोन-तीन वर्षांचा होईपर्यंत हे कमी-जास्त चालेल.

शनिवारी येतेय. तोवर रोज थोडा वेळ बुवा-कुक खेळ. तोंडावरचा रुमाल त्यालाच ओढू दे.

तुझी,
आई